फॅक्सने पाठवलेला फोटो काळा पडू नये म्हणून: मोबाइल आणि संगणकावरून पाठवण्याची रीत

फॅक्सने फोटो पाठवणाऱ्यांची अडचण जवळजवळ नेहमी एकाच जागी असते. इकडे पडद्यावर फोटो लख्ख दिसतो, पाठवल्याचा रिपोर्ट ‘ओके’ म्हणतो आणि समोरून फोन येतो की पानावर नुसता काळा ठोकळा आला आहे. मग तोच फोटो तसाच पुन्हा पाठवला जातो आणि दुसरा काळा ठोकळा पोहोचतो.

कारण साधे आहे. नेहमीच्या फॅक्सला करडा रंग ठाऊक नाही. पानावरचा प्रत्येक ठिपका एकतर काळा जातो, नाहीतर पांढरा. फोटोतल्या असंख्य छटांपैकी काळी कोणती आणि पांढरी कोणती, हे कुणालातरी ठरवावेच लागते. तुम्ही ठरवले नाही तर वाटेतले कुठलेतरी सॉफ्टवेअर ठरवते. तुमच्या फोटोत काय दिसायला हवे, हे त्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून खालचे बहुतेक टप्पे ‘पाठवा’ बटणाच्या आधीचे आहेत, आणि ते याच क्रमाने करायचे आहेत.

टप्पा १: आधी समोरच्याला विचारा

फोटोला हात लावण्याआधी एक फोन करा आणि तीन गोष्टी विचारून घ्या.

पहिली: फॅक्स कागदावर निघतो की ईमेलमध्ये पीडीएफ म्हणून येतो? कागदावर निघत असेल तर शाई किंवा टोनर पसरून बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात, म्हणून फोटो नेहमीपेक्षा उजळ ठेवावा लागतो. पीडीएफ येत असेल तर ही चिंता कमी.

दुसरी: त्या नंबरवर फॅक्स आपोआप उचलला जातो का? एकाच लाइनवर फोन आणि फॅक्स दोन्ही असतील तर कुणीतरी ‘हॅलो’ म्हणेल आणि तुमचा फॅक्स तिथेच तुटेल. अशा वेळी पाठवण्याची वेळ ठरवून घ्या.

तिसरी, आणि हीच बहुतेक जण विसरतात: त्यांना फोटोत नेमके काय पाहायचे आहे? चेहरा, वस्तूवरचा क्रमांक, भिंतीला गेलेला तडा की जखमेचा आकार? रंगावरूनच निर्णय होणार असेल, उदाहरणार्थ त्वचेवरचा लालसरपणा, तर फॅक्सने पाठवू नका. रंगीत फॅक्सची सोय प्रमाणकात आहे, पण ती दोन्ही टोकांच्या यंत्रांत असावी लागते आणि इंटरनेटवरून फॅक्स करताना तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

टप्पा २: हातात किती ठिपके आहेत ते जाणून घ्या

ए-फोर पानाच्या रुंदीत फॅक्सला १७२८ ठिपके मिळतात. उंचीत किती ओळी मिळतात ते रिझोल्यूशनवर ठरते. ‘स्टँडर्ड’मध्ये दर मिलिमीटरला ३.८५ ओळी, म्हणजे पूर्ण पानावर सुमारे ११४० ओळी. ‘फाइन’मध्ये ७.७, म्हणजे सुमारे २२९० ओळी. फोटोसाठी फाइनच निवडा. स्टँडर्डमध्ये प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला दुप्पट असतो आणि चेहऱ्याचे बारकावे त्यातच जातात.

आडव्या दिशेने एका सेंटिमीटरला साधारण ८० ठिपके येतात. पानावर चेहरा ५ सेंटिमीटर रुंद ठेवला तर त्याला ४०० ठिपके मिळतात, तेवढ्यात माणूस ओळखू येतो. दहा जणांचा गट एका ओळीत उभा असेल तर प्रत्येकाचा चेहरा पानावर जेमतेम एक सेंटिमीटरचा उरतो. त्यातून कुणालाही ओळखता येणार नाही. सेटिंग कितीही बदलले तरी हा हिशोब बदलत नाही.

टप्पा ३: फोटो तयार करा

मूळ फोटोची प्रत काढा आणि सगळे बदल त्या प्रतीवर करा. क्रम असा:

१. क्रॉप करा. समोरच्याला जे पाहायचे आहे तेवढेच ठेवा. मागची झाडे, जाळी, नक्षीचे पडदे, गवत हे सगळे ठिपक्यांच्या गर्दीत बदलते आणि मुख्य वस्तू तिच्यात हरवते.

२. सरळ करा. फोन उभा धरून काढलेला फोटो गॅलरीत सरळ दिसतो, पण पुष्कळदा फाइलमध्ये चित्र आडवेच असते आणि ‘फिरवून दाखवा’ एवढी खूण सोबत असते. काही सेवा ती खूण वाचत नाहीत आणि पान आडवे निघते. क्रॉप करून नव्याने सेव्ह केले की सहसा हे मिटते.

३. रंग काढून करडे करा. याला ‘ग्रेस्केल’ किंवा ‘मोनो’ म्हणतात. काही फोनमधले ‘नॉयर’सारखे नाट्यमय फिल्टर वापरू नका, ते सावल्या आणखी गडद करतात.

४. उजळ करा. पडद्यावर फोटो थोडा फिका, जरा धुतल्यासारखा वाटेपर्यंत ब्राइटनेस वाढवा. सावल्या वेगळ्या उचलता येत असतील तर ‘शॅडोज’ची पट्टी आधी वाढवा, ब्राइटनेस नंतर. सावळा किंवा गडद वर्ण, काळे केस, गडद कपडे यांत फॅक्स सर्वांत जास्त माहिती गिळतो, म्हणून त्या भागांकडे बघून उजळपणा ठरवा. पांढरी भिंत पार पांढरी झाली तर होऊ द्या.

५. कॉन्ट्रास्ट शेवटी आणि थोडाच वाढवा. उजळ करण्याआधी कॉन्ट्रास्ट वाढवला तर सावल्या काळ्या होऊन बसतात आणि मग त्या उघडत नाहीत.

६. थोडे शार्पन करा. डोळ्यांच्या आणि वस्तूच्या कडा ठिपक्यांत उतरताना मऊ पडतात, त्याची भरपाई यातून होते.

इशारा: फोटोवर लाल बाण किंवा लाल वर्तुळ काढू नका. रंगाचे करड्यात रूपांतर होताना भडक पिवळ्याची छटा जवळजवळ पांढरी होते, तर लाल आणि निळा गडद होतात. एकदा मी एका यंत्राच्या सुट्या भागाचा फोटो पाठवला होता, तड्याभोवती लाल वर्तुळ काढून. फोनवर मी ‘वर्तुळाच्या आत बघा’ म्हणत होतो आणि समोरच्याला वर्तुळ दिसतच नव्हते. गडद धातूवर लाल रेघ काळ्यात काळी झाली होती. खूण करायचीच असेल तर जाड काळा बाण काढा आणि त्याला रुंद पांढरी कड द्या.

तपासा: फोन हात लांब करून धरा आणि डोळे किलकिले करून फोटो पाहा. मुख्य वस्तू तरीही वेगळी उठून दिसत असेल तर पुढे जा. नसेल तर पुन्हा चौथ्या पायरीवर या.

टप्पा ४: करड्याचे ठिपके कसे करायचे ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. करड्यापासून काळे-पांढरे करण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती आहेत.

पहिल्या पद्धतीत एक मर्यादा ठरवतात. तिच्यापेक्षा गडद ते सगळे काळे, फिके ते सगळे पांढरे. छापील मजकुरासाठी हे उत्तम, अक्षरे स्वच्छ येतात. फोटोसाठी ही पद्धत घातक आहे. अर्धा चेहरा काळा आणि अर्धा कोरा होतो. मोबाइलमधल्या स्कॅनर अ‍ॅपचे ‘ब्लॅक अँड व्हाइट’ फिल्टर बहुधा हेच करते. नाव बघून ‘फॅक्स काळा-पांढराच असतो, मग हेच बरोबर’ असे वाटते आणि फोटो तिथेच बिघडतो. फोटोसाठी स्कॅनर अ‍ॅपमध्ये ‘ग्रेस्केल’ किंवा ‘फोटो’ निवडा.

दुसऱ्या पद्धतीला डिदरिंग म्हणतात. यात गडद भागात काळे ठिपके दाट आणि फिक्या भागात विरळ टाकले जातात. लांबून बघताना डोळ्याला करड्या छटेचा भास होतो. वर्तमानपत्रातला जुना फोटो जवळून पाहिला असेल तर ही युक्ती तुम्ही पाहिलेली आहे. फोटोला हीच हवी.

डिदरिंगमध्येही दोन प्रकार नेहमी समोर येतात. एक विखुरलेल्या बारीक ठिपक्यांचा. सॉफ्टवेअरमध्ये तो ‘डिफ्यूजन’ किंवा ‘फ्लॉइड-स्टाइनबर्ग’ नावाने दिसतो. बारकावे यात जास्त टिकतात. दुसरा जाळीच्या ठोकळ ठिपक्यांचा, ‘हाफटोन’. चार बाय चार ठिपक्यांचा एक चौकोन धरला तर त्यातून १७ छटा मिळतात. बारकावे कमी होतात, पण कागदावर शाई पसरली तरी चित्र तगून राहते. म्हणून पीडीएफ मिळणार असेल तर डिफ्यूजन, जुन्या यंत्राच्या कागदावर निघणार असेल तर हाफटोन, असे मी करतो.

हे डिदरिंग तुम्ही करायचे की फॅक्स सेवेने? मोबाइलवरून पाठवत असाल तर करडा फोटो द्या आणि सेवेमध्ये ‘फोटो’ किंवा ‘फाइन’ असा पर्याय असेल तो निवडा. ती सेवा नुसती मर्यादा लावून फोटो काळा करते असे चाचणीत दिसले तरच स्वतः करा. संगणकावर गिम्प या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इंडेक्स्ड’ मोड घेऊन एक-बिट पॅलेट (फक्त काळा आणि पांढरा) निवडले की डिदरिंगचा पर्याय मिळतो. फोटोशॉपमध्ये आधी ग्रेस्केल, मग ‘बिटमॅप’ मोड.

स्वतः डिदरिंग करणार असाल तर तीन नियम मोडू नका.

पहिला: आधी चित्र शेवटच्या आकाराचे करा, मग डिदरिंग करा. पूर्ण रुंदीचे पान असेल तर बरोबर १७२८ पिक्सेल. त्यानंतर कुणीही चित्र लहान-मोठे केले की ठिपक्यांवर ठिपके चढून लाटांसारखी नक्षी उमटते.

दुसरा: फाइल टिफ किंवा पीएनजीमध्येच सेव्ह करा. जेपीजीमध्ये सेव्ह केली की प्रत्येक ठिपक्याभोवती धुरकट कडा येतात आणि पुढे त्यांचे डाग होतात.

तिसरा: एकदा ठिपके पाडलेली फाइल उजळ किंवा गडद करायला जाऊ नका. बदल हवा असेल तर करड्या प्रतीवर परत या.

फोटो आणि मजकूर एकाच पानावर असेल तेव्हा

ओळखपत्राचा फोटो पाठवताना ही अडचण हमखास येते. चेहऱ्याला डिदरिंग हवे, बारीक अक्षरांना ते नको, कारण अक्षरांच्या कडा त्यात कुरतडल्यासारख्या होतात. पार्श्वभूमीवरच्या बारीक वेलबुट्टीच्या रेघा आणखी गोंधळ घालतात. सोपा उपाय म्हणजे एकाच कार्डाची दोन पाने. पहिल्या पानावर पूर्ण कार्ड मोठे करून मजकुराच्या पद्धतीने. पांढरी पातळी एवढी वाढवायची की मागची नक्षी पुसून जाईल. दुसऱ्या पानावर फक्त चेहरा, फोटोच्या पद्धतीने. हे सांगितले की लोक ‘दोन पाने कशाला’ म्हणतात, पण एका पानावर दोन्ही नीट आणण्याच्या खटपटीत चार वेळा पाठवावे लागते.

टप्पा ५: पान मांडा

ए-फोरचे उभे पान घ्या, किंवा समोरचे यंत्र लेटर आकाराचे असेल तर तो आकार. सगळ्या कडांना दीड सेंटिमीटर मोकळे सोडा. वरच्या कडेला पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि पान क्रमांक यांची ओळ यंत्र स्वतः छापते, तिथे फोटो असेल तर तो झाकला जातो.

एका पानावर एकच फोटो. फोटोखाली मोठ्या काळ्या अक्षरांत, किमान १४ पॉइंटमध्ये, फोटो कशाचा आहे, कधी काढला आणि ‘पान २ पैकी १’ असे लिहा. फॅक्सची पाने समोर ट्रेमध्ये पडतात, इतरांच्या पानांत मिसळतात. कव्हर पेजवर लिहिलेले नाव फोटोच्या पानाला चिकटून राहत नाही.

शेवटी सगळे पीडीएफमध्ये बांधा. अँड्रॉइडमध्ये प्रिंट करून ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ निवडता येते. आयफोनमध्ये शेअर करून प्रिंट उघडायचे आणि पूर्वदृश्य दोन बोटांनी मोठे करायचे, म्हणजे त्याची पीडीएफ मिळते. आयफोनचा एचईआयसी फोटो थेट चढवू नका, अनेक सेवा तो उघडत नाहीत. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजीही टाळा. रूपांतरात पारदर्शक भाग कधी कधी थेट काळा होतो. डार्क मोडमधला स्क्रीनशॉट असेल तर लाइट मोड लावून पुन्हा घ्या, नाहीतर समोरच्याचा टोनर तुमच्या काळ्या पानात संपेल.

तपासा: पीडीएफ पूर्ण पान दिसेल अशी उघडा. दिशा, कडा, पानांचा क्रम आणि खालचा मजकूर पाहा. जवळ प्रिंटर असेल तर एक पान काळ्या-पांढऱ्यात छापून हातभर अंतरावरून बघा.

टप्पा ६: पाठवण्याचा मार्ग निवडा

मोबाइलवरून: फोन स्वतः फॅक्स करू शकत नाही. मोबाइल कॉलमध्ये आवाज ज्या पद्धतीने दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवला जातो, त्यात फॅक्सचे सूर टिकत नाहीत. म्हणून इंटरनेट फॅक्स सेवेचे अ‍ॅप लागते. तुम्ही पीडीएफ चढवता आणि त्यांचा सर्व्हर फोनच्या लाइनवरून फॅक्स करतो. काही सेवांत ठरावीक पत्त्यावर ईमेल केला की जोडलेली फाइल फॅक्स होते. असे करताना ईमेलच्या तळाशी आपोआप येणारी सही आणि लोगो काढा, तेही पान बनून जातात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवून मग उचलू नका, तो वाटेत दाबला जातो.

संगणक आणि मोडेम: फॅक्स मोडेम (संगणक टेलिफोन लाइनला जोडणारे उपकरण) आणि साधी टेलिफोन लाइन असेल तर विंडोजमधल्या ‘फॅक्स अँड स्कॅन’ने पाठवता येते. कुठल्याही प्रोग्राममधून प्रिंट द्यायचे आणि प्रिंटरच्या यादीत ‘फॅक्स’ निवडायचे.

संगणक आणि फॅक्सची सोय असलेला प्रिंटर: प्रिंटरच्या यादीत त्याचे नाव दोनदा दिसते, एक छापण्यासाठी आणि एक फॅक्ससाठी. फॅक्सचे नाव निवडा, मग गुणधर्मांत जाऊन ‘फाइन’ आणि ‘फोटो’ करा. ही निवड काही यंत्रे प्रत्येक वेळी विसरतात, म्हणून दरवेळी बघा. संगणकात फोटो असताना तो छापून पुन्हा फॅक्सच्या काचेवर ठेवण्याची चूक करू नका. छापील ठिपक्यांवर फॅक्सचे ठिपके चढतात आणि फोटो आणखी काळा होतो.

टप्पा ७: नंबर आणि चाचणी

परदेशी नंबरासाठी देशाचा कोड लावा आणि बहुतेक देशांत स्थानिक नंबराच्या सुरुवातीचा शून्य गाळा. कार्यालयातून बाहेरची लाइन घ्यायला आधी एखादा अंक दाबावा लागत असेल तर त्यानंतर स्वल्पविराम टाका, म्हणजे यंत्र क्षणभर थांबून पुढचा नंबर फिरवेल. एक्स्टेंशनवर बसलेल्या फॅक्सला सहसा थेट नंबर असतो, तोच मागून घ्या.

इशारा: नंबर तोंडी ऐकून टाइप केला असेल तर परत वाचून दाखवा. चुकीच्या नंबरवर गेलेला ओळखपत्राचा फोटो परत मागवता येत नाही.

पहिल्यांदा पाठवत असाल तर आधी एकच पान पाठवा आणि ते कसे आले ते विचारा. स्वतःकडे फॅक्स येणारा नंबर असेल तर त्याहून बरे: स्वतःलाच पाठवून बघा.

टप्पा ८: पाठवा आणि धीर धरा

फोटोच्या पानाला मजकुराच्या पानापेक्षा फार जास्त वेळ लागतो, आणि तो बिघाड नसतो. फॅक्स सलग पांढऱ्या आणि सलग काळ्या पट्ट्यांची लांबी मोजून पान दाबतो. मजकुराच्या पानात लांबच लांब पांढऱ्या पट्ट्या असतात, म्हणून ते झटपट जाते. डिदर केलेल्या फोटोत दर एक-दोन ठिपक्यांनी रंग बदलतो आणि दाबायला काही उरत नाही. सर्वांत साध्या पद्धतीत एकाआड एक काळे-पांढरे ठिपके असतील तर डेटा उलट साडेचार पट फुगतो.

एक अंदाज देतो. फाइनचे पूर्ण पान, अजिबात न दाबता, सुमारे ३९.५ लाख बिट. सेकंदाला १४,४०० बिटच्या वेगाने साडेचार मिनिटांच्या वर; ९,६०० च्या वेगाने जवळजवळ सात मिनिटे. इतका वेळ लाइनवर राहिले की ती मध्येच तुटण्याची शक्यता वाढते. म्हणून फोटो अर्ध्या पानाचा ठेवून बारकावे दिसत असतील तर तसाच ठेवा, उरलेले पान शुभ्र पांढरे. पार्श्वभूमी पूर्ण पांढरी करणे हा वेळ वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. किंचित करडी भिंतसुद्धा पानभर ठिपके उधळते.

पाने मध्येच तुटत असतील तर हा क्रम धरा. आधी फोटोचा आकार कमी करा. मग यंत्रात किंवा मोडेममध्ये वेग ९,६०० वर आणा. चुका सुधारणारी ‘ईसीएम’ ही सोय चालू ठेवा, तिच्यामुळे बिघडलेले तुकडे पुन्हा पाठवले जातात. लाइन इंटरनेटवरून येणारी असेल आणि वेग कमी करूनही पान पूर्ण होत नसेल तेव्हाच ईसीएम बंद करून बघा. त्यात पानावर एखाददुसरी आडवी रेघ येईल, पण पान पोहोचेल. फाइनवरून स्टँडर्डवर उतरणे हा शेवटचा उपाय.

‘बिझी’ आले तर थोड्या वेळाने पाठवा. ‘उत्तर नाही’ किंवा माणसाने उचलले असे आले तर नंबर किंवा वेळ चुकली आहे, फोटोला हात लावू नका.

टप्पा ९: पोहोच घ्या

‘ओके’चा अर्थ एवढाच की समोरच्या यंत्राने पाने घेतली. कागद संपला असेल, टोनर फिका असेल, फोटो काळा असेल, यातले काहीही तो रिपोर्ट सांगत नाही.

म्हणून फोन करा, आणि ‘मिळाला का’ असे विचारू नका. उत्तर फोटोत बघितल्याशिवाय देताच येणार नाही असा प्रश्न विचारा: वस्तूवरचा क्रमांक वाचून दाखवाल का? तडा डाव्या बाजूला आहे की उजव्या? चेहऱ्यावर चष्मा दिसतो का? उत्तर बरोबर आले तर काम झाले. चूक आले तर फोटो काळा आला की कोरा, ते विचारा. काळा असेल तर टप्पा ३ मधला उजळपणा वाढवा, कोरा असेल तर कमी करा, आणि फक्त तेच पान पुन्हा पाठवा.

पोहोच मिळाल्यावर रिपोर्ट फोटोच्या करड्या प्रतीसोबत एका फोल्डरमध्ये ठेवा. ओळखपत्र किंवा वैद्यकीय फोटो असेल तर फॅक्स सेवेच्या खात्यात ‘पाठवलेले’ उघडा आणि तिथे राहिलेली प्रत काढून टाका.